थर्मासातून तांड्यावर आलेला समुद्र

मी जमनीबाईचा थर्मास बोलतोय. जरा थांबा, बूच सैल करू द्या, म्हणजे आवाज मोकळा येईल. हां. आता ऐका.

माझं रूप पाहून नाक मुरडू नका. एकेकाळी मी लालभडक होतो, आता रंगाचे पोपडे निघालेत. पोटाला एक पोचा आहे, तो कळंबच्या एसटी स्टँडवर पडला. डोक्यावरच्या कपाचा कान तुटलाय. पण आतलं काचेचं भांडं शाबूत आहे, बरं का! माझ्या वयाचे थर्मास केव्हाच फुटून भंगारवाल्याच्या पोत्यात गेले. मी अजून घरात आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते यवतमाळचं भांड्याचं दुकान आणि त्यातली वरची फळी. लोक यायचे, मला खाली काढायला लावायचे, कानाशी नेऊन हलवून पाहायचे आणि परत ठेवायला सांगायचे. माणसांची ही खोड मला आजवर उमगली नाही. घ्यायचं नसतं, मग हलवता कशाला?

एक दिवस घागऱ्यासारखी घेरदार फेटिया नेसलेली, आरशांच्या कशिद्याची ओढणी घेतलेली एक बाई आली. तिनं मला हलवलं नाही. दुकानदाराच्या डोळ्याला डोळा लावून तिनं विचारलं, "यात पाणी कितीक वेळ गरम राह्यते?"

"सकाळी भरा, संध्याकाळी चटका बसंल."

"खोटं नको बोलू भाऊ. माह्या माणसासाठी दवाखान्यात न्याचं हाये."

दुकानदार जरा गडबडला. "दुपारपावेतो तर पक्कं," म्हणाला. "हां, असं खरं सांग," असं म्हणत तिनं मला काखेत घेतलं. ती जमनीबाई. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

तिचं घर कळंबच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, बंजाऱ्यांच्या तांड्यावर. घरात सगळे गोरमाटी बोलतात. तुम्हाला कळावं म्हणून मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगतोय, तेवढं चालवून घ्या. आईला तिथं याडी म्हणतात. जमनीबाईचा मुलगा भारत आणि सून उज्ज्वला, दोघंही तिला याडीच म्हणतात.

तिचा माणूस पूनमसिंग यवतमाळच्या दवाखान्यात होता. रोज सकाळी ती मला उकळतं पाणी भरायची आणि पहिल्या एसटीनं निघायची. नुसतं पाणी हं, चहा नाही. चहापत्ती आणि साखर तिच्या ओढणीच्या गाठीला असायची. खाटेजवळ बसून ती ताजा चहा करून द्यायची. उरलेल्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून, त्याच्या गार पडलेल्या पायांना शेक द्यायची. एकदा घाईत तिच्या बोटांवर पाणी सांडलं. पूनमसिंगनं तिचा हात ओढून घेतला आणि त्यावर फुंकर घालत बसला.

"माह्यं काही खरं नाई जमनी," तो म्हणाला, "पण तू या हाताले जप. घरदार या हातावर हाये."

उज्ज्वला तेव्हा तिथंच उभी होती. मीही होतो. आम्ही दोघांनी ते ऐकलं.

त्या हातात एक चांदीचं जाड कडं होतं. लग्नानंतर पूनमसिंगनं साबणाचा फेस लावून ते तिच्या मनगटात चढवलं होतं. पुढं हात भरला आणि कडं तिथंच बसलं. शेतातलं निंदण, कापूस वेचणं, भाकरी थापणं, सगळं त्या कड्यासकट व्हायचं.

पूनमसिंगला एकाच गोष्टीचं वेड होतं, मिठाचं. जुन्या काळी त्यांचे पुरखे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून समुद्रापासून मुलखामुलखात फिरायचे, हे तो दवाखान्यातल्या प्रत्येक माणसाला सांगायचा. सलाईन लावणाऱ्या सिस्टरलासुद्धा सोडलं नाही. "आमच्या आज्या-पंज्यानं साऱ्या दुनियेले मीठ खाऊ घातलं, आन् म्या जिंदगीभर पुड्यातलं खाल्लं," म्हणायचा. "जमनी, समुद्रातलं मीठ बी असंच लागत असंन का गं?"

"बरा हो, मंग जाऊ समुद्रावर. तूच चाखून पाह्य," ती म्हणायची.

तो बरा झाला नाही. एका दुपारी माझ्यातलं पाणी तसंच राहिलं आणि जमनीबाई मला काखेत धरून परत आली. मला सगळ्यात वाईट वाटलं ते याचं, की पाणी घरी पोचेपर्यंत गरमच होतं.

रिवाजाप्रमाणे तिच्या अंगावरचे सवाष्णीचे दागिने उतरले. कड्याला मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही. "हे रिवाजाचं नाई, हे आमचं दोघायचं हाये," असं तिनं साऱ्या तांड्याला ऐकवलं. मला तिनं फळीवर ठेवून दिलं. पुढची वर्षं मी तिथंच होतो. माझ्यात कुणी सुया ठेवल्या, कुणी बियाण्याची पाकिटं. एका पालीनं माझ्या कपात अंडी घातली. थर्मासाच्या नशिबी काय काय येतं, तुम्हाला काय सांगू!

मग मागच्या वर्षी पोळा झाला. डवरणी-निंदणी आटोपली होती, कापूस फुटायला अवकाश होता. भारत जेवता जेवता म्हणाला, "याडी, गाडी सांगतो. समुद्र पाहून येऊ."

जमनीबाईच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं उठून आधी मला फळीवरून काढलं.

"समुद्रावर थर्मास कायले वं?" असं विचारणारी मानीबाई. ही जमनीबाईची शेजारीण आणि मैत्रीण, तोंडानं तिखट, मनानं लोण्यासारखी. तीही गाडीत बसणार होती. "तथी का चहा भेटत नाई?"

"जाताना पाणी नेईन, येताना समुद्र आणीन," जमनीबाई म्हणाली. "त्याले चाखायचा होता नं."

 मानीबाईनं ओढणीच्या टोकानं माझा कप पुसून दिला.

अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडून आम्ही कोकणात पोचलो. किनाऱ्याजवळच्या एका घरगुती खाणावळीत उतरलो. सकाळी जमनीबाईनं खाणावळीच्या बाईकडून मला काठोकाठ उकळतं पाणी भरून घेतलं आणि आम्ही वाळूत आलो. समुद्र खवळलेला होता. लाल बावटा लावला होता, त्यामुळे पाण्यात कुणी जात नव्हतं. मानीबाई तर समुद्र पाहून खालीच बसली. "अगं माय वं! याले पलीकडची कडच नाई!"

जमनीबाई चपला हातात घेऊन ओल्या वाळूवरून चालत होती, आणि मी तिच्या खांद्याला लटकत होतो. तेवढ्यात तिला ते दिसलं.

वाळूत एक निळा फुगा पडला होता, बोटभर लांब, काचेसारखा चमकणारा. त्याच्यामागे लांबच लांब निळा धागा, मध्ये मध्ये बारीक मण्यांच्या गाठी असलेला. दुसरी कुणी बाई असती तर ओलांडून गेली असती. पण जमनीबाईचं आयुष्य कशिदा काढण्यात गेलेलं. आरसे, कवड्या, मणी आणि रंगीत धागा दिसला की तिचे हात शिवशिवतात. असा निळा रंग तिला यवतमाळच्या बाजारात कधी मिळाला नव्हता.

"मानी, पाह्य तं! कोण्या बाईचा धागा पडला हाये," ती म्हणाली. तिनं तो उचलला आणि गुंडाळायला जसा घेतात तसा बोटांवरून मनगटाकडे दोन वेढे घेतले.

पुढच्या क्षणी ती किंचाळली. दवाखान्यातसुद्धा तिच्या तोंडून असा आवाज मी ऐकला नव्हता.

"आग! आग होऊन राह्यली! भारत!"

भारत धावत आला. बोटांवर, तळव्यावर आणि मनगटावर लाल वळ उठले होते. कड्याच्या आतसुद्धा निळा तुकडा चिकटून होता. आता आमची माणसं यवतमाळची. त्यांना डंख ठाऊक तो इंचवाचा, म्हणजे विंचवाचा. धसकटात हात घातला, इंचू चावला, की काय करायचं हे तांड्यात शेंबडं पोरगंही सांगेल. तसंच त्यांनी सुरू केलं.

"बांध! वरतून बांध, चढू देऊ नको!" मानीबाई ओरडली आणि तिनं आपल्या ओढणीची दशी फाडून जमनीबाईच्या कोपराखाली करकचून आवळली. मग कमरेच्या बटव्यातून तंबाखूची चुनाळी काढून चुना फासायला घेतला. भारतनं मूठभर वाळू घेतली आणि घासायला लागला. उज्ज्वला बाटलीतलं पिण्याचं पाणी हातावर ओतत सुटली. प्रत्येकाची माया खरी होती, आणि प्रत्येक उपायासरशी जमनीबाई आणखी तळमळत होती. मी वाळूत आडवा पडून हे पाहत होतो. मला हात असते तर सगळ्यांना थांबवलं असतं, पण खरं सांगू? तेव्हा मलाही काही माहीत नव्हतं.

शिट्टी वाजली. पिवळा सदरा घातलेला किनाऱ्यावरचा जीवरक्षक पळत आला. पन्नाशीचा, केस पिकलेला माणूस.

"चोळू नकात! अहो, चोळू नकात म्हणतंय! तो दोरो नाय, जिता जनावर आसा!" त्यानं आधी आवळलेली दशी सोडली. "खंयसून इलात तुमी?"

"यवतमाळहून," भारत म्हणाला. "दादा, माह्या याडीले वाचवा."

"वाचतली, वाचतली. आजी, दम लागता? छातीत काय होता? नाय मां? मग घाबरू नको." नंतर तो आमच्या लोकांना समजेल अशा भाषेत, सावकाश बोलला. "ही ब्लू बॉटल. वाळूत मेलेली दिसली तरी तिच्या धाग्यात विष असतं. तुम्ही वाळूनं घासलं, गोडं पाणी ओतलं, त्यानं ते अजून सुटतं. समुद्राचंच पाणी आणा."

उज्ज्वलानं जीवरक्षकाच्या चौकीतली बादली घेऊन समुद्राचं पाणी आणलं. त्यानं हातात प्लास्टिकची पिशवी चढवली, खारं पाणी हळूहळू ओतत एकेक निळा तुकडा उचलून टाकला. कड्याच्या आतला तुकडा मात्र निघेना. मनगट सुजायला लागलं होतं.

"कडं काढायला हवं," तो म्हणाला. "आत्ता निघेल. सूज चढली की रुततं, मग दवाखान्यात नेऊन कापावं लागेल."

एवढा वेळ कण्हणारी जमनीबाई एकदम ताठ झाली. तिनं दुसऱ्या हातानं कडं झाकून घेतलं.

"कडं नाई निंगणार."

"याडी, हात सुजून राह्यला," भारत रडवेला झाला.

"सुजू दे. हात काप, पण कड्याले हात नको लावू."

मानीबाईनं हातापाया पडून पाहिलं, भारतनं शपथ घातली. काही उपयोग नाही. बोटं लाल झाली होती, आणि चांदीच्या वरखालची कातडी फुगत चालली होती.

जीवरक्षकानं कपाळाला हात लावला. "बरं, कळ तरी कमी करू. गरम पाणी मिळेल का कुठं? सोसवेल एवढं गरम. चहाची टपरी लांब आहे, आणि आज उघडली नाही."

आणि सगळे माझ्याकडे वळले.

मंडळी, तो क्षण मी कधी विसरणार नाही! इतकी वर्षं फळीवर सुया सांभाळल्या, पालीची अंडी सांभाळली, ती याच्यासाठी होती असं मला वाटलं. उज्ज्वलानं माझं बूच काढलं. वाफेचा लोट उठला. तिनं बादलीत मला ओतलं, त्यात समुद्राचं गार पाणी मिसळलं, आधी स्वतःचा हात घालून पाहिला, आणखी थोडं मिसळलं. "पोळत नाई, पण चांगलं गरम हाये," म्हणाली. मग तिनं सासूचा हात अलगद त्या पाण्यात धरला.

जमनीबाईनं डोळे मिटले. हळूहळू तिचे आवळलेले दात सुटले, खांदे खाली आले. खाणावळीवरून आणखी उकळतं पाणी आणायला भारत पळाला.

उज्ज्वला सासूचा हात सोडत नव्हती. तीही रडत होती. ती म्हणाली, "याडी, याच थर्मासाचं पाणी हाये. दवाखान्यात तुह्या बोटावर सांडलं होतं, तवा मामाजींनी फुंकर घातली होती. काय म्हटलं होतं त्यायनं?"

जमनीबाईनं मान दुसरीकडे वळवली.

"तू विसरली असशीन. म्या नाई विसरली. त्यायनं कड्याले जप म्हटलं नव्हतं वं. हाताले जप म्हटलं होतं."

जमनीबाईनं बादलीतल्या आपल्या हाताकडे पाहिलं. मग तिला हुंदका आला. पूनमसिंग गेला तेव्हा चार लोकांत ती रडली होती, पण असं मोकळं रडताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"त्यानं साबण लावून चढवलं होतं," ती शेवटी म्हणाली. "साबण लावूनच काढ. जोर नको लावू."

मानीबाईच्या पिशवीत आंघोळीच्या साबणाची वडी होती. उज्ज्वलानं वळ उठलेल्या जागा टाळून फेस लावला आणि कडं फिरवत फिरवत, श्वास रोखून पुढं सरकवलं. अंगठ्याच्या हाडाशी ते अडलं. जमनीबाईनं स्वतःच अंगठा आत दुमडला. आणि ते निघालं! मनगटावर एक पांढरा पट्टा राहिला. त्या कातडीला कितीतरी वर्षांत ऊन लागलं नव्हतं. जीवरक्षकानं शेवटचा निळा तुकडा उचलला आणि हात परत गरम पाण्यात ठेवला.

भारतनं आणलेलं पाणी थोडं थोडं मिसळत, अर्धा-पाऊण तास ते तसेच बसले. कळ ओसरली. जीवरक्षकानं त्यांना जवळच्या दवाखान्यात दाखवून यायला सांगितलं. निघताना मानीबाईला म्हणाला, "मावशी, तुमचो चुनो मात्र पानाक लावा हां." मानीबाईसुद्धा हसली.

"चला आता गाडीत," भारत म्हणाला. "पुन्हा या समुद्राचं नाव काढू नका."

"थांब," जमनीबाई म्हणाली. "थर्मास रिकामा झाला नं? भर मंग."

"याडी! एवढं झालं तरी?"

"समुद्रानं काय केलं रे? म्याच न पाह्यता दुसऱ्याच्या धाग्याले हात घातला. भर म्हणते नं."

भारतनं मला काठावर आलेल्या लाटेत बुडवलं. बाप्पा रे! आयुष्यभर उकळतं पाणी पोटात घेणारा मी, त्या गार खाऱ्या पाण्यानं पार शहारलो. पण गळ्यापर्यंत भरून घेतलं. एक थेंब सांडू न देता मी ते पाणी यवतमाळ जिल्ह्यात आणलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, आठवड्यात सूज उतरली. कडं पुन्हा घालायला जमनीबाईनं उज्ज्वलाला बोलावलं. तोच साबण, तोच फेस. फक्त या वेळी तिनं सुनेला सांगून ठेवलं, "लागलं तं पुन्हा काढजो. आता मले भेव नाई."

माझ्यातलं पाणी तिनं परातीत ओतलं आणि छपराच्या टिनावर उन्हात ठेवलं. वर पातळ फडकं बांधलं. रोज ती शिडीला धरून खालून हाक मारायची, "उज्ज्वला, पाह्य बरं किती आटलं?" आश्विनाचं ऊन कडक. परातीच्या बुडाशी मूठभर पांढरे खडे उरले. मानीबाईनं एक जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "कडवट लागते वं!" जमनीबाईनं मात्र स्वतः चाखलं नाही. पुडी बांधून ठेवली.

दिवाळी आली. तांड्यात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप आणि लापशीचा घास वाहतात. मी फळीवरून पाहत होतो. सगळ्यांनी घास वाहिला. मग जमनीबाईनं पुडी सोडली. हातावरचे वळ अजून फिकट दिसत होते. त्याच हातानं तिनं चिमूटभर मीठ उचललं.

"घे रे," ती निखाऱ्यांना म्हणाली. "समुद्रातलं हाये. चाखून सांग."

मीठ विस्तवावर पडलं आणि तडतड तडतड वाजलं.

जमनीबाई हसली. डोळे पुसत तिनं सुनेकडे पाहिलं. "आयकलं? अजून बी तसाच बडबड्या हाये."

तर असा मी. खाऱ्या पाण्यानं माझं झाकण गंजलंय, आतून थोडा वास येतो, माझ्यातलं पाणी चहाला कुणी वापरत नाही. पण तांड्यातलं कुणी समुद्राकडे निघालं की जमनीबाई मला त्यांच्या हवाली करते आणि प्रत्येकाला हात दाखवून दटावते. वाळूत निळं-जांभळं, चमकणारं काही दिसलं तर हात लावू नका, मेलेलं असलं तरी नाही. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. डंख झालाच, तर आवळू नका, घासू नका, गोडं पाणी ओतू नका. खाऱ्या पाण्यानं धुवा, सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, अंगठ्या-कडी सूज चढायच्या आधी उतरवा. दम लागला, छातीत दुखलं, तर तडक दवाखाना गाठा. माझं मागणं याहून थोडंच आहे. समुद्राला जाताना मला उकळतं पाणी भरून न्या.

आणि येताना रिकामा आणू नका. तांड्यात कुणीतरी चाखायचं राहून गेलेलं असतं.